पिवळ्या दोऱ्याच्या मिरच्या

चिमटा दाबला की उजव्या अंगठ्याच्या मुळाशी करकर व्हायची. बाहेर कोणाला ऐकू येत नव्हती. रुक्मिणीबाईला मात्र ती नव्या चपलेसारखी आतून ऐकू येई. तिने चिमटा ओच्यात टाकला, हात झटकला, आशाबाई आपल्याकडे बघत नाही ना ते पाहिलं आणि चिमटा पुन्हा उचलला.

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. बाहेर हवेत गारवा आला होता, पण शेडनेटच्या आत दुपारी तीन वाजता अजून अंगाला धारा लागत. सुलतानपूरच्या रस्त्यापासून आत, तिच्या नवऱ्याच्या, इंद्रभानच्या वावरात दहा गुंठ्यांवर ही पांढरी जाळी उभी होती. आत मिरची होती, पण खायची नाही, बियाण्याची. एका कोपऱ्यात नराची झाडं, बाकी सगळ्या ओळी मादीच्या. मादीच्या झाडावर उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची, चिमट्याने तिच्या पाकळ्या उघडायच्या आणि आतल्या परागाच्या निळसर पुड्या एकेक करून उपटायच्या. बाया त्यांना दाढा म्हणत. बहुतेक कळीत पाच, एखादीत सहा. एक जरी आत राहिली तरी कळी स्वतःच्याच पावडरीने धरायची आणि तिचं बी बिघडायचं. सगळ्या दाढा निघाल्या की देठाला लोकरीचा दोरा बांधायचा. दोरा म्हणजे कळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरे बघत जायचं आणि त्या कळ्यांना नराची पावडर लावायची.

दोरा प्रत्येकीचा वेगळा. आशाबाईचा लाल, सून समीक्षाचा हिरवा, रुक्मिणीबाईचा पिवळा. लोकरीचे तुकडे करून जुडी गळ्यात अडकवायची आणि एकेक ओढून घ्यायचा. दुपारच्या ओळी वाटून घेतलेल्या होत्या. सकाळी पावडर मात्र आशाबाई एकटीच सगळ्या ओळींना लावत फिरे, कारण तिचा हात हलका होता. ती मजुरीने येत नव्हती. इंद्रभानने तिला निघेल त्या बियात चौथा वाटा कबूल केला होता. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, स्वतःचं वावर नव्हतं. तिचं वर्ष याच जाळीत होतं.

"रुक्माबाई, थांबली काऊन?" पलीकडच्या ओळीतून आशाबाई म्हणाली.

"काई नाई व. मुंग्या आल्या हाताले."

"तुह्या दवाखान्यात पेशंट लय. दाढा काढून काढून डॉक्टरीन थकली म्हना."

समीक्षा हसली. रुक्मिणीबाईही हसली. कळी डाव्या हातात धरली, चिमटा लावला, एक दाढ, दोन, तीन. चौथीला अंगठ्यातून कोपरापर्यंत कळ गेली आणि चिमटा सुटला.

यंदाचे चिमटे नवे होते आणि जुन्यापेक्षा कडक. एका दुपारी एक बाई दोनशे कळ्या करायची. एका कळीला पाच-सहा दाब, असं महिनाभर चाललेलं. त्याआधी पहाटे भाकऱ्या थापायच्या, धुणं पिळायचं, टाकीवरून पाण्याची कळशी आणायची. मुलगा शेखर मेहकरला दुकानात कामाला होता, आठवड्याने यायचा. घरात तिघं, आणि तिघांचंही दिवसभराचं काम ठरलेलं. हात दुखतो म्हणून बसावं असं घरात कोणी केलं नव्हतं. रुक्मिणीबाईने तर नाहीच.

त्याच दुपारी तिला एक सुचलं. चिमटा दाबताना दुखत होतं, पण दोरा बांधताना फार दुखत नव्हतं. दोऱ्याला चिमूट लागते, जोर लागत नाही. तर आधी ओळभर फिरून उद्याच्या कळ्या हेरायच्या आणि त्यांना दोरे बांधून ठेवायचे. तेवढ्यात अंगठ्याला विसावा मिळेल. मग परत ओळीच्या तोंडाशी येऊन दोरे बघत दाढा काढत जायचं. त्या दिवशी तिने सगळ्या काढल्या. अंधारून आलं तेव्हा शेवटची कळी झाली होती, आणि सकाळपेक्षा हात बरा वाटला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या झाल्या नाहीत. जाळीत दिवस लवकर मावळतो. दोरे बांधलेल्या पण दाढा न काढलेल्या दहा-बारा कळ्या राहिल्या. सकाळी लवकर येऊन काढू असं तिने ठरवलं. सकाळी भाकऱ्यांना उशीर झाला, कारण पीठ मळताना अंगठा धरला होता. ती जाळीत आली तेव्हा आशाबाई पावडरीची डबी घेऊन पिवळ्या दोऱ्यांची ओळ संपवत आली होती. रुक्मिणीबाईच्या तोंडाशी शब्द आला होता. आशाबाई म्हणाली, तुह्या ओळीत काल लय कळ्या झाल्या व. मग तो शब्द बाहेर आला नाही.

तिसऱ्या दिवशी पंधरा-वीस राहिल्या. त्यानंतर तिने मोजल्या नाहीत.

आठवड्याने बियाणे कंपनीकडून राजकुमार आला. दर गुरुवारी मोटारसायकलवर यायचा, ओळीतून फिरायचा आणि कागदावर खुणा करायचा. माणूस वाईट नव्हता, पण बोलायचा लग्नात आहेर वाचणाऱ्यासारखा, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा. त्याने पिवळी ओळ पाहिली आणि म्हणाला की पिवळा दोरा सगळ्यांच्या पुढे आहे, वय पाहा आणि काम पाहा. समीक्षाला म्हणाला की सासूकडून काही शिकून घ्या. समीक्षाने मान खाली घातली. रुक्मिणीबाईनेही घातली. त्याला दोघी लाजल्यासारख्या वाटल्या असतील.

जाताना त्याने नेहमीचं सांगितलं. प्रत्येकाच्या बियातलं थोडं कंपनी पेरून पाहते. झाडं वेगळी निघाली तर सगळं पोतं परत. कोणाची ओळ चुकली ते कोणी बघत नाही, कारण बी एकत्र झालेलं असतं. मागच्या वर्षी पलीकडच्या एका गावात असंच झालं होतं. चार घरांची मेहनत एका पोत्यात गेली.

रुक्मिणीबाईने ते बोलणं दरवर्षी ऐकलं होतं. या वेळी ती ओळीत उभी राहून उजवा हात डाव्या हातात धरून ऐकत होती.

हाताचं इंद्रभानच्या लक्षात आलं ते ताटावरून. तिने भाजीची वाटी उचलली आणि ती सुटून त्याच्या धोतरावर सांडली. धोतर झटकून त्याने तिचा हात ओढून पाहिला. अंगठ्याच्या खाली, मनगटाच्या कडेला सूज होती. बोराएवढी. त्याने बोट टेकवलं तशी ती कळवळली.

"नस चढली," तो म्हणाला. "रामरावले दाखव."

रामराव गावातला चोळणारा. बैलाचा पाय मुरगळला तरी त्यालाच बोलावत. त्याने तिचा हात मांडीवर घेतला, कोमट तेल लावलं, आणि सुजेवर अंगठा रोवून कोपरापर्यंत ओढत नेला. रुक्मिणीबाईने पदर दातात धरला. आठ-दहा वेळा ओढल्यावर त्याने तिचा अंगठा मुठीत धरला आणि एकदम झटका दिला. कट् असा आवाज झाला. रामराव म्हणाला, उतरली. मनगटाला काळा दोरा करकचून बांध आणि काम सोडू नको, काम सोडलं की हात बसतो.

तिने काळा दोरा बांधला. काम सोडलं नाही. रात्रभर मनगट तव्यावर ठेवल्यासारखं होतं. सकाळी काळ्या दोऱ्याच्या दोन्ही बाजूंनी हात फुगला होता आणि तिला चहाची कपबशी उचलता आली नाही.

त्या सकाळची एक गोष्ट तिने नंतर कोणाला सांगितली नाही, पण तिच्या मनात तीच जास्त राहिली. अंघोळीनंतर तिला परकराचा नाडा बांधता येईना. एका हाताने ओढायला जावं तर दुसरं टोक सुटायचं. दातात धरून पाहिलं. न्हाणीत ती बराच वेळ तशीच उभी राहिली. शेवटी तिने समीक्षाला हाक मारली. समीक्षा आत आली, खाली मान घालून तिने नाडा बांधला, लुगड्याच्या निऱ्या केल्या आणि केसांचा बुचडा घालून दिला. लग्न होऊन आल्यापासून ती सासूच्या अंगाच्या एवढी जवळ आली नव्हती. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत नव्हत्या.

"आज दवाखान्यात जाऊ," समीक्षा म्हणाली.

"अन कळ्या?"

"कळ्या आशामावशी पाहीन. तुमाले नाडा बांधता येत नाई, आई."

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दोघी दुपारपर्यंत बाकावर बसल्या. मग निशिगंधा नावाच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं होतं, टेबलावर अर्धा डबा उघडाच पडला होता. त्यांनी आधी काळा दोरा कात्रीने कापला. मग अंगठा मुठीच्या आत घ्यायला लावला, वर चार बोटं मिटली आणि मूठ करंगळीच्या बाजूला हळूच वाकवली. रुक्मिणीबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"चोळून घेतलं का कोणाकडून?"

"नस चढली म्हने. उतरवून देल्ली."

डॉक्टरीणबाईंनी लांब श्वास सोडला. रागावल्या नाहीत. ही नस नाही म्हणाल्या. मग थोडं थांबल्या, लुगड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "परकराला नेफा असतो ना? त्याच्यातून नाडा जातो?"

समीक्षाने सासूकडे पाहिलं. रुक्मिणीबाईला वाटलं, सकाळची गोष्ट हिला कोणी सांगितली.

"असतो," ती म्हणाली.

"अंगठा हलवणाऱ्या दोऱ्या असतात, स्नायूपासून हाडापर्यंत. त्या मनगटापाशी अशा एका नेफ्यातून जातात. तुम्ही तो नाडा दिवसातून हजार वेळा ओढला. घासून घासून नाडाही सुजला, नेफाही सुजला. आता तो आत अडकतोय. त्याच्यावर जोराने चोळलं, झटका दिला, तर सूज वाढणारच. नाडा अडकला तर तुम्ही ओढत बसता का? आधी ढिला करता."

रुक्मिणीबाई आपल्या मनगटाकडे बघत राहिली. पन्नास-पंचावन्न वर्षं तो हात तिच्याजवळ होता. त्यात नेफा आहे हे तिला माहीत नव्हतं.

नेमकं कोणत्या हालचालीने होतं ते बघायचं म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातात एक पेन दिलं आणि म्हणाल्या, हीच कळी समजा, रोज करता तसं करून दाखवा. रुक्मिणीबाईने पेन डाव्या हातात धरलं. उजव्या हाताने गळ्यापाशी जाऊन नसलेल्या जुडीतून दोरा ओढला, पेनाभोवती फिरवला आणि गाठ मारली. मग दोन बोटांचा चिमटा केला आणि पेनाच्या टोकावर एक, दोन, तीन, चार, पाच दाबलं. डॉक्टरीणबाई मनगटाचा वाक बघत होत्या. तुम्ही मनगट वाकवून दाबता, ते सरळ ठेवायला हवं, असं त्या सांगत होत्या.

समीक्षा दोऱ्याकडे बघत होती.

औषध चार-पाच दिवसांचं दिलं, जेवणानंतर घ्यायचं. अंगठा आणि मनगट हलू नये म्हणून आत पट्टी असलेला पट्टा बांधला, तो महिनाभर ठेवायचा. माठातल्या पाण्यात कापड भिजवून दिवसातून तीन वेळा सुजेवर ठेवायचं. चोळायचं नाही, ओढायचं नाही, पिळायचं नाही, थापायचं नाही. सूज उतरली की हळूहळू हलवायचा व्यायाम शिकवू, नाहीच उतरली तर सुई द्यावी लागेल म्हणाल्या. आणि सगळं काम डाव्या हातावर टाकू नका, नाहीतर महिन्याने तोही घेऊन याल. मग समीक्षाकडे वळून म्हणाल्या, तुम्हीही हेच काम करता ना? चिमट्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून जाड करा, दर अर्ध्या तासाने काम बदला. एकच हालचाल सारखी करायची नाही. आज यांचं झालं, उद्या तुमचं.

फाट्यावर उतरून दोघी पायी निघाल्या. उन्हं कलली होती. रस्त्याच्या कडेला सोयाबीनचं काड पडलं होतं. समीक्षा म्हणाली, "आई, तुमी डॉक्टरीनबाईले करून दाखवलं ना. दोरा आधी बांधला तुमी."

रुक्मिणीबाई चालत राहिली.

"तेवढ्यापुरतं झालं का तसं?"

"नाई. सवय लागली."

"कवापासून?"

"दिवाळी झाल्यावर."

"मंग ज्या राह्यल्या असतीन त्या?"

"राह्यल्या," रुक्मिणीबाई म्हणाली. "आशानं पावडर लावली त्याईले."

समीक्षाच्या हातात औषधाची पिशवी होती. ती तिने या हातातून त्या हातात घेतली.

घरी इंद्रभान ठिबकच्या नळीचं तोंड साफ करत बसला होता. त्याने पट्टा पाहिला, किती दिवस विचारलं, महिना ऐकल्यावर नळीत फुंकर मारली. मग रुक्मिणीबाईने उभ्यानेच त्याला दोऱ्याचं सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याने विचारलं किती असतील. तिने सांगितलं, माहीत नाही. शंभरही असतील, दीडशेही.

"एवढ्या हजारोत शे-दीडशे. कोनाले समजते? मिरचीच्या कपाळावर लिहेल असते का?"

"कपाळावर नाई. देठाले बांधेल हाये."

इंद्रभान नळी खाली ठेवून म्हणाला की आशाबाईला निदान सांगू नको, पीक निघेपर्यंत. रुक्मिणीबाई माठापाशी जाऊन डाव्या हाताने कापड भिजवू लागली. ते पिळता येईना, तर तसंच थबथबतं तिने मनगटावर ठेवलं. पाणी कोपरावरून खाली गळत राहिलं.

सकाळी आशाबाई पावडरीची डबी घेऊन जाळीच्या दाराशी आली तेव्हा रुक्मिणीबाई तिथेच बसली होती. तिने बसल्या जागी सगळं सांगितलं. आशाबाईने डबीचं झाकण लावलं आणि ती मातीत बसली. बराच वेळ तिने पट्ट्याकडे पाहिलं. हात कसा आहे असं तिने विचारलं नाही.

"मी त्या पिवळ्या दोऱ्यावर डोये झाकून पावडर लावली, रुक्माबाई," ती म्हणाली. "समीक्षाच्या कळ्या मी उघडून पायत होती. पोरगी नवी हाये म्हनून. तुह्या नाई पायल्या."

"हाव."

"दुखत होतं त सांगायचं होतं. मी काय खाल्लं असतं तुले?"

रुक्मिणीबाईने दुखतं असं म्हटलं असतं तर ओळ दुसरीला गेली असती. बत्तीस वर्षांत तिची ओळ कधी दुसऱ्या बाईने धरली नव्हती, मग ती कापसाची असो की तुरीची. हे सांगण्यासारखं कारण नव्हतं.

"सगळ्या पिवळ्या तोडतो," ती म्हणाली.

"सगळ्या काऊन?" आशाबाई उठली. तिचा आवाज कोरडा होता. "दिवाळीआधीच्या त चांगल्या हायेत ना. त्या बोटाएवढ्या झाल्या. करंगळीच्या दोन पेराच्या खालच्या तेवढ्या तोड."

"अन ज्या मधातल्या हायेत?"

"त्या तू पाय. तुह्याच हाताच्या हायेत."

ती डबी घेऊन लाल ओळीत निघून गेली.

रुक्मिणीबाई पिवळ्या ओळीच्या तोंडाशी बसली. डाव्या हाताने मिरची धरायची, देठ वाकवायचा, दोऱ्यासकट तोडायची आणि टोपल्यात टाकायची. डाव्या हाताला सवय नव्हती. कधी फांदीच तुटायची. पट्ट्यातला उजवा हात मांडीवर पडलेला होता, कोणीतरी ठेवायला दिलेल्या वस्तूसारखा. एकेक मिरची ती करंगळीला लावून बघत होती. दोन पेरांपेक्षा लहान असली तर टोपल्यात. जी मधली वाटली तीही टोपल्यात. चांगल्याही जात होत्या. कोणत्या चांगल्या ते तिला सांगता येत नव्हतं, म्हणून जात होत्या.

झाडाच्या एका बाजूने तोडून झालं की खुरडत दुसऱ्या बाजूला जायचं. दहा वाजेपर्यंत कंबर धरली. अर्धा तास झाला की समीक्षा तिच्याकडे येऊन सांगायची, आई, थांबा आता. ती थांबायची. डाव्या हाताची बोटं उघडझाप करायची, पाणी प्यायची आणि पुन्हा बसायची.

गुरुवार होता. राजकुमार अकराला आला आणि जाळीच्या दाराशीच टोपलं पाहून उभा राहिला. कोवळ्या हिरव्या मिरच्या, प्रत्येकीच्या देठाला पिवळा दोरा. इंद्रभान घाईने पुढे झाला आणि काहीतरी कीड पडल्याचं बोलू लागला. रुक्मिणीबाई ओळीतून उठली. गुडघे धरले होते, उठायला वेळ लागला. तोवर इंद्रभानचं बोलणं संपलं होतं.

"कीड नाई," ती म्हणाली. "दाढा न काढता दोरे बांधले मी. हात चालत नोता."

राजकुमार या वेळी मोठ्याने बोलला नाही. त्याने टोपल्यातली एक मिरची उचलून पाहिली, परत टाकली. किती दिवसांच्या, किती ओळी, बाकी दोन रंगांचं काय, असं विचारून लिहून घेतलं. ओळींतून एकदा पूर्ण फिरून आला. हे मला वर कळवावं लागेल म्हणाला. माल कमी बसेल. पुढच्या वर्षी हा प्लॉट तुम्हाला द्यायचा की नाही ते वरचे ठरवतील.

"ठरवू द्या," रुक्मिणीबाई म्हणाली आणि पुन्हा खाली बसली.

मोटारसायकल गेल्यावर इंद्रभान दाराशी तसाच उभा होता. मग त्याने भरलेलं टोपलं उचललं, बाहेर बांधावर नेऊन रिकामं केलं आणि परत आणून तिच्यापाशी ठेवलं. दुपारपर्यंत त्याने तीन खेपा केल्या. म्हशीने त्या ढिगाला तोंड लावून पाहिलं आणि मान फिरवली.

ओळ संपली तेव्हा अडीच वाजले होते. तिच्या झाडांवर खालच्या फांद्यांना मोठ्या मिरच्या तेवढ्या लोंबत होत्या. वरचा भाग मोकळा झाला होता. आता दुपारच्या कळ्यांची वेळ झाली होती. फुलोऱ्याचे अजून पंधरा-वीस दिवस होते. समीक्षाने सकाळीच जुन्या लुगड्याच्या चिंध्या चिमट्यांच्या दांड्यांना घट्ट गुंडाळून ठेवल्या होत्या. एक चिमटा तिने आशाबाईला दिला, एक स्वतः घेतला, आणि डॉक्टरीणबाईंचं अर्ध्या तासाचं सांगितलं.

"अर्ध्या तासानं काय करायचं मंग? नाचायचं?" आशाबाई म्हणाली.

"एकीनं दाढा काढायच्या, एकीनं कळ्या हेरायच्या. मंग बदलायचं. मनगट सरळ ठेवा म्हने मावशी. असं."

आशाबाईने चिंधीचा जाड दांडा बोटांत फिरवून पाहिला. तिने हूं केलं. मग चिमटा घेऊन ती वळली ती पिवळ्या ओळीकडे. त्या ओळीच्या उद्याच्या कळ्या कोणीतरी करायलाच हव्या होत्या.

रुक्मिणीबाई तिच्या मागून गेली. काय करावं ते तिला कळत नव्हतं. हात रिकामे ठेवून ती जाळीत कधी उभी राहिली नव्हती. गळ्यात पिवळी जुडी मात्र सवयीने अडकवलेली होती.

आशाबाईने पहिली कळी धरली. मान न वळवता ती म्हणाली, "हात कर."

रुक्मिणीबाईने डावा तळवा पुढे केला. आशाबाईने चिमट्याने एक दाढ काढली आणि तिच्या तळव्यावर ठेवली. मग दुसरी. निळसर, तिळाएवढी, तळव्याच्या घामाला चिकटून बसणारी.

"मोज."

रुक्मिणीबाईने मोजल्या. पाच झाल्यावर ती पाच म्हणाली. आशाबाईने आपला लाल दोरा बांधला. दोघी पुढच्या कळीला गेल्या. पाच. लाल दोरा. पाच. लाल दोरा. काम हळू चाललं होतं. पलीकडून समीक्षाने एकदा डोकं वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातलं. अर्ध्या तासाने तिने हाक मारली तेव्हा आशाबाईने चिमटा ओच्यात टाकला, मनगट चारदा वर-खाली केलं, नुसत्याच कळ्या हेरत फिरली आणि परत आली. जाळीवरून ऊन सरकत पश्चिमेच्या खांबाशी गेलं.

एका जाडसर कळीपाशी आशाबाईने पाच दाढा तिच्या तळव्यावर ठेवल्या आणि हात गळ्यातल्या जुडीकडे नेला.

"थांब," रुक्मिणीबाई म्हणाली. "सहावी हाये."

"पाच झाल्या."

"मांगच्या अंगाले पाय. पाकळीखाली दबेल हाये."

आशाबाई वाकली. कळी उजेडाकडे वळवली. पाकळीच्या मागे एक दाढ अंग चोरून होती. तिने ती चिमट्यात धरली, न फोडता हळूच ओढली आणि रुक्मिणीबाईच्या तळव्यावर ठेवली.

"सहा," रुक्मिणीबाई म्हणाली.

आशाबाईने गळ्यात हात घातला. लाल दोरे संपले होते. तिने इकडे तिकडे पाहिलं, मग हात पुढे करून रुक्मिणीबाईच्या गळ्यातला एक पिवळा दोरा ओढून घेतला आणि देठाला बांधला.